स्वस्तातला टाका

दाराखालचा पत्रा सडला की डेंटरकडे मुळीच जाऊ नये. तो स्क्रूड्रायव्हर गंजात खुपसतो, तुमच्यादेखत ओंजळभर गाडी जमिनीवर पाडतो आणि मग आकडा सांगतो. त्यापेक्षा रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर स्पॉट वेल्डर, म्हणजे विजेने पत्र्यांना ठिपक्यासारखे टाके मारून जोडणारं मशीन, शोधावा. घ्यायचा तो सगळ्यात स्वस्त. महागड्या मशीनने पत्रा कोणीही जोडेल, त्यात तुमचं कर्तृत्व काय?

पार्सल फोडलंत की आधी स्टिकर वाचा. त्यावर अँपिअरचे आकडे सढळ हाताने छापलेले असतात. कारखान्यात पाऊण-एक मिलिमीटरच्या दोन पत्र्यांना टाका मारायला ८ ते १० हजार अँपिअर लागतात, तेही सेकंदाच्या छोट्याशा भागापुरते. शिवाय तांब्याच्या टिपा ते पत्रे दोन-तीनशे किलोच्या जोराने दाबून धरतात. तुमच्याकडे गिझरचा १६ अँपिअरचा प्लग आहे आणि उजवा हात आहे. तेवढ्यावर भागत असताना कारखानदार इतका दबाव का आणतात, कळत नाही. सवय असेल. घरातला एमसीबी पडला तर घाबरू नका, मशीनमध्ये दम आहे याची ती पावती समजा. शेजाऱ्यांना सांगायची गरज नाही, त्यांना आपोआप कळतं.

जोडायच्या जागी रंग आणि गंज घासून पत्रा पांढरा करा, असं जाणकार सांगतात. रंगातून वीज जात नाही म्हणे! एवढं घासायला वेळ असता तर आपण मशीन कशाला मागवलं असतं? पत्र्यावर जस्ताचा थर असेल तर काम दार-खिडक्या लावून करा. रात्री थंडी वाजून ताप भरला तर हवा बदलली म्हणायचं. धुराचं नाव काढलंत तर घरचे मशीन परत करायला लावतील.

टाके एकमेकांना खेटून मारा. नवीन टाक्याची वीज शेजारच्या जुन्या टाक्यातूनच पळून जाते हे खरं, पण वरून ओळ कशी भरगच्च दिसते!

चाचणीच्या भानगडीत तर पडूच नका. डेंटर लोक टाकाऊ तुकड्यांवर टाका मारून ते छिन्नीने उकलतात. चांगला टाका म्हणे सहज सुटत नाही. सुटलाच तर एका पत्र्याला भोक पाडून दुसऱ्यावर बटणाएवढा धातू ठेवतो. असली नासधूस तुमच्या हातून होणार नाही. तुमचा टाका वहीवरच्या लेबलासारखा अलगद निघेल.

हात बसला की बी-पिलरकडे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दारांमधल्या खांबाकडे वळा. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत तिथे १५०० मेगापास्कलच्या आसपास ताकद असलेलं बोरॉनचं पोलाद असतं आणि भलत्या जागी तापवलं की ते मऊ पडतं. बाजूने ट्रक आदळेपर्यंत हे कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणजे तुमच्याकडे भरपूर वेळ आहे.

राहिली लांबी, म्हणजे पत्र्यावरचे खड्डे बुजवायची पुट्टी. ती भरपूर भरा, घासा, रंग मारा आणि गाडी विकायला काढा. गिऱ्हाइकाने खिशातून लोहचुंबक काढलं तर लगेच चहा विचारा. चुंबक पत्र्याला चिकटतं, लांबीला नाही. ट्रायल मागितली तर बिनखड्ड्यांचा रस्ता आधीच हेरून ठेवा. त्यासाठी मात्र कुठलंही मशीन मिळत नाही.