दुकान कायद्याने मेलं की गल्ल्यावरच्या माणसाने?

बंद पडलेल्या बंदुकीच्या दुकानांवरचा एक लेख वाचला. '२०१९च्या शस्त्र कायद्यातल्या दुरुस्तीने एका परवान्यावरची हत्यारं तीनवरून दोनवर आणली आणि बंदुकीची दुकानं संपली', हे लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. त्याच दुरुस्तीत परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली आणि जास्तीचं हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची सोय होती, हे लेखात कुठेच नाही.

आमच्याकडे कोकणात रानडुकरांसाठी वडिलांच्या नावावर बाराबोर बंदूक होती. ते गेल्यावर वारसाहक्काची कागदपत्रं होईपर्यंत बंदूक ठेवायची कुठे, हेच कळेना. तालुक्याच्या दुकानातल्या काकांनी ती जमा करून घेतली, पावती दिली, अर्ज कुठे करायचा ते कागदावर लिहून दिलं. वर नळी पुसून तेलही लावलं, त्याचे पैसे नाहीत! आज परवाना माझ्या नावावर आहे, काडतुसं तिथूनच घेतो. शहरातल्या एका चकचकीत दुकानात मात्र "परवाना दाखवा, मग बोला" एवढंच ऐकलं होतं. परवाना बघायलाच हवा, पण माणूस दारात उभा आहे, त्याला बसा तरी म्हणाल की नाही? लेखकाने बंद पडलेल्या दुकानांच्या जुन्या गिऱ्हाइकांनाही विचारायला हवं होतं.