दहा वाजता बंद पडलेलं गाणं

आज दुपारी एका लग्नात पंगतीला बसले होते. समोर मामा. शेजारी आमच्याच गल्लीतले एक मोठे गृहस्थ, मंडळाचं सगळं तेच बघतात, नाव घेत नाही. मठ्ठा घेता घेता मामाला म्हणाले, "काय की, पोरीनं बँड फोडला म्हणे. बरं चाललेलं की सगळं." मामा गप्प. मान खाली घालून भात कालवत बसला. मला तिथंच उठून बोलायचं होतं, पण लग्नघर दुसऱ्याचं, म्हणून गिळलं आणि आता घरी येऊन लिहालेय.

काय फोडलं मामाच्या पोरीनं? बाकीची पोरं अजून वाजवालेत, सुपाऱ्या घेतालेत, नव्या गायिकेचा फोटोपण टाकलाय त्यांनी. सगळं जागच्या जागी आहे. एक पोरगी बाहेर पडली आणि स्वतःची गाणी एकटी गिटार घेऊन म्हणालीय, एवढंच झालंय. पोरगा असता तर "स्वतःचं काहीतरी करालाय" म्हणाले असते हेच लोक, आणि हे तुम्हालाही माहीत आहे.

मागं एका गणपतीत काय झालं ते मी बघितलंय म्हणून बोलते. आमच्या बेळगावातल्या वडगावात कार्यक्रम होता बँडचा. आमच्या आजीला आम्ही खुर्चीत बसवून नेलेलं, कारण पोरीनं आजीवर गाणं लिहिलेलं. आजीनं सगळा जन्म मागावर काढला, कांड्या भरल्या, शहापुरी साड्या विणल्या, आणि त्या खडखडाटात एक कान गेला तिचा. त्या कानाचं गाणं आहे ते. तिनं महिनाभर आधी बँडच्या पोरांना सांगून ठेवलेलं, आजी येणार आहे, माझं गाणं घ्या. "घेऊ की, शेवटी घेऊ." मग हिंदी झालं, कन्नड सिनेमातलं झालं, कोळीगीत झालं, वन्स मोअर झाला, अध्यक्षांच्या फर्माईशी झाल्या आणि पोलिसांनी लांबून घड्याळ दाखवलं. दहाच्या पुढं स्पीकर बंद. साऊंडवाल्यानं मेन बंद केलं तेव्हा ती माइकसमोर उभी होती, पहिली ओळ म्हणायला तोंड उघडलेलं.

आजीनं मला विचारलं, "झालं काय गाणं? मला आलं नाही ऐकायला." तिला वाटलं आपल्या कानाचाच दोष.

हे एकदा झालं असतं तर मीही म्हणाले असते जाऊ दे. पण तिचं गाणं कायम शेवटी. कॉलेजच्या गॅदरिंगला शेवटी, खानापूरच्या लग्नाच्या रिसेप्शनला शेवटी, आणि शेवटी म्हणजे वेळ उरला तर. पब्लिक उठून जातंय म्हणे. अरे, तुम्ही ऐकवलंच नाही तर पब्लिक बसणार का उठणार हे तुम्हाला कळलं कुठून?

ती मला सांगत होती, बीटल्स म्हणून इंग्लंडचा बँड होता, त्यात जॉर्ज हॅरिसनचंपण असंच व्हायचं. बहुतेक रेकॉर्डवर त्याची एकदोनच गाणी, बाकी जास्त करून लेनन-मॅकार्टनीची. म्हणून १९७० ला बँड मोडल्यावर त्यानं एकट्यानं अल्बम काढला तो डायरेक्ट तीन रेकॉर्ड्सचा, एवढं साठलेलं त्याच्याकडं. मला त्यातलं फार कळत नाही. पण तिची वही मी बघितलीय, तिच्याकडंपण साठलंय.

ऐन सीझनच्या तोंडावर सोडायला नको होतं हे मान्य, ड्रमवाल्या पोराचं घर त्या सुपाऱ्यांवर चालतं. बरं, पुढं.

मला खरा संताप कशाचा आहे सांगू? २०२४ ला गायक कुमार गंधर्वांची, बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले ते, जन्मशताब्दी झाली तेव्हा याच गृहस्थांनी फोटो टाकलेला, "आपल्या सुळेभावीचं रत्न" म्हणून. मग त्या रत्नानं काय केलं ते वाचलं नाही का? घराण्याच्या चौकटीत राहिले नाहीत म्हणून किती बोलणी खाल्ली त्यांनी! क्षयानं आजारी पडले, देवासला अंथरुणावर पडून राहिले, गायला बंदी, तिथं माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत राहिले आणि उठले ते वेगळंच गाणं घेऊन. त्यांचा अभिमान चालतो तुम्हाला, आणि आमच्या घरातली पोरगी स्वतःच्या चालीनं गायला लागली की मामाला भर पंगतीत मान खाली घालायला लावता.

आता ती कसं करते ते बघा एकदा येऊन. माडीवरच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्यात, आवाज घुमू नये म्हणून. शेजारी यंत्रमाग, दिवसभर धडधड. त्यामुळं लाईट गेली की बाकी गल्ली वैतागते आणि ही जिन्यावरून पळत वर जाते, माग बंद असतात तेवढ्यात लॅपटॉपच्या बॅटरीवर रेकॉर्डिंग उरकायचं. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रातोरात बेंगलोरला जाते, ओपन माइकला, म्हणजे कुणीही येऊन गावं अशा कार्यक्रमाला, दोन गाणी म्हणते, परत येते. पैसे नाहीत त्यात. वर्षात १००० वेळा वाजलं नाही तर स्पॉटिफाय त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचा एक पैसा देत नाही, २०२४ पासून तसंच आहे. बँडमध्ये चुकलं तर ड्रम धरून घेतो, इथं चुकलं की सगळं उघडं. भीती वाटते तिला. "अक्का, पाय कापतात," म्हणते. तरी जाते.

आणि गाणी आपल्या घरात बोलतो तशी. मध्येच एखादी कन्नड ओळ, कारण शेजारच्या अज्जी तशाच बोलायच्या तिच्याशी. त्यावरून मराठीवाल्यांनाही राग, कन्नडवाल्यांनाही. पुण्याच्या एकानं सांगितलं भाषा जरा शुद्ध कर. नको करूस गं बाई.

मघाशी रागात होते, आता जरा शांत झाले. बँडची पोरं वाईट नाहीत. आमच्या घरी जेवलीत, आजीच्या पाया पडलीत. त्या रात्री त्यांनी मुद्दाम केलं असंही नाही, त्यांना ते गाणं महत्त्वाचं वाटलंच नाही, आणि मला तर तेच जास्त लागतं.

त्यातला कोणी हे वाचत असेल तर एक सांगते. ते आजीचं गाणं तुम्ही नंतर स्टुडिओत रेकॉर्ड केलेलं, चॅनलवर अजून आहे, आणि खाली फक्त बँडचं नाव आहे. रेकॉर्डिंगला पैसे तुम्ही घातलेत, ते तुमचं. पण शब्द आणि चाल तिची आहे. सिनेमावाल्यांनासुद्धा गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सही घेऊन काढून घेता येत नाही, २०१२ ला कायदाच तसा झाला. ती पैसे मागत नाही तुमच्याकडं. तिला न विचारता मी लिहालेय हे. शब्द आणि संगीत म्हणून तिचं नाव घाला तिथं, आजच घाला. दोन मिनिटांचं काम आहे.