दाजी, एक डॉलर तेव्हाही सव्वातीन रुपयांच्या वरच होता

भाचीने पंधरा ऑगस्टचं भाषण तपासायला दिलं आणि मी दुसऱ्याच ओळीला अडलो. '1947 साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता.' कुठून आणलंस, विचारलं. बाबांनी पाठवलंय म्हणाली. म्हणजे तोच, दर ऑगस्टला उगवणारा फॉरवर्ड: रुपया डॉलरइतका, देशावर कर्ज शून्य, तिजोरी भरलेली, इंग्रजांनी चालती गाडी हातात दिली आणि आपल्यांनी ती खड्ड्यात घातली.

दाजी, रुपया बांधलेला होता पौंडाला. एक रुपया म्हणजे 1 शिलिंग 6 पेन्स, म्हणजेच 18 पेन्स. पौंडात पेन्स 240, आणि पौंड तेव्हा 4.03 डॉलरचा. त्रैराशिक मांडा, रुपयाला तीस सेंट येतात. माझ्या गणितावर भरवसा नसेल तर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने डिसेंबर 1946 मध्ये जाहीर केलेले दर बघा: रुपया 30.225 सेंट. म्हणजे डॉलर 3 रुपये 31 पैशांचा. 1949 मध्ये पौंड घसरला, त्याच्याबरोबर आपण, आणि डॉलर 4.76 वर गेला. 1966 मध्ये 7.50.

आणि समजा, असता बरोबरीचा, तर काय मोठं? 1949 पासून 1971 पर्यंत एका डॉलरला 360 येन मिळत. जपान त्याच काळात उभा राहिला. दर म्हणजे परीक्षेतले मार्क नव्हेत.

कर्जाच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. परदेशी कर्ज जवळपास फिटलं होतं, उलट ब्रिटनच आपलं देणं लागत होतं. पण ते कशापायी? महायुद्धात इथून धान्य, कापड, माणसं गेली. मोबदल्यात लंडनच्या खात्यात पौंडांच्या नोंदी झाल्या आणि त्यांच्या जोरावर इथे नोटा छापल्या गेल्या. महागाई भडकली, 1943 मध्ये बंगालात लोक भुकेने मेले. भरलेली तिजोरी म्हणतात ती हीच, आणि स्वातंत्र्यानंतरही त्यातले पैसे ब्रिटनशी करार करून हप्त्याहप्त्यानेच काढता येत होते. शिवाय सरकारचं देशातलं कर्ज होतंच, ते फॉरवर्डवाल्याच्या गावीही नाही.

चालत्या गाडीचं म्हणाल, तर रेल्वे होती, कोर्टं होती, रिझर्व्ह बँक होती. पण फाळणीने तागाच्या गिरण्या कोलकात्यात ठेवल्या आणि तागाची शेतं पूर्व बंगालात. रिझर्व्ह बँक जून 1948 पर्यंत पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती. त्यांच्या पहिल्या नोटा आपल्याच नोटांवर 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' असा शिक्का उमटवून छापल्या, त्याही आपल्या नाशिकला! 1951 मध्ये वाचता येणारी माणसं शंभरात अठरा, आणि तरी वाचता न येणाऱ्यांसकट सगळ्या प्रौढांना लगेच मताचा हक्क.

भाचीने ती ओळ खोडून तिथे नाशिकची नोट घातली आहे. दाजींनी मात्र माझ्या मेसेजवर नुसता अंगठा दाखवलाय.