'किंवा तत्सम' : होतकरू बिल्डरांसाठी चार गोष्टी

बांधकाम व्यवसायात उतरायचं ठरवलंय? छान. सिमेंट, सळया, वाळू हे सगळं नंतर बघू. आधी करारनाम्याच्या शेवटचं ते परिशिष्ट नीट लिहून घ्या, ज्यावर 'सदनिकेतील सोयीसुविधा' असं छापलेलं असतं. ग्राहकाचा सगळा जीव कार्पेट एरियात आणि पार्किंगमध्ये अडकलेला असतो. या पानावर तो फक्त सही करतो.

'नामांकित कंपनीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स किंवा तत्सम' असं लिहायचं. नामांकित कोणाच्या मते, हे कोणी विचारत नाही. आपल्या मेव्हण्याचंही गावात नाव आहेच की! आणि तत्सम म्हणजे गुजरातेत टाइल्स बनतात त्या मोरबीहून आलेल्या मालात त्या आठवड्यात ज्याचा दर बरा पडला तो. नळ 'उत्तम प्रतीचे', दरवाजे 'आकर्षक', रंग 'दर्जेदार'. रंगाचे हात किती, खाली पुट्टी आहे का, बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगला काय वापरणार, यात शिरायचंच नाही. आकडा लिहिला की कोणीतरी मोजायला येतो. 'आकर्षक' मोजायची टेप अजून बाजारात आलेली नाही.

सरकारनं इथं जरा खोडा घातलाय. रेरा, म्हणजे बिल्डरांना चाप लावणारा स्थावर मालमत्तेचा कायदा, आल्यावर महाराष्ट्रात करारनाम्याचा जो नमुना ठरला, त्यात फरशी, सॅनिटरी फिटिंग, लिफ्ट यांचा ब्रँड द्या, ब्रँड नसेल तर किमतीची रेंज द्या, असं स्पष्ट म्हटलंय. घाबरू नका. ब्रँड लिहा आणि शेजारी 'अथवा समकक्ष' टाका. समकक्ष आहे की नाही ते कोण ठरवणार? 'प्रकल्पाच्या आर्किटेक्टचा निर्णय अंतिम व बंधनकारक राहील.' त्यांची फी कोण देतं, ते त्या कलमात लिहावं लागत नाही.

सॅम्पल फ्लॅटमध्ये मात्र हात आखडता घेऊ नका. नळ असा जड बसवा की फिरवणाऱ्याला आपण आत्ताच श्रीमंत झालो असं वाटावं. फक्त दाराआड, चपलांच्या रॅकच्या वर, बारीक अक्षरात पाटी हवी: 'येथील फिटिंग व रंगसंगती केवळ दर्शनासाठी.' कायद्याच्या कलम 12 मध्ये सॅम्पल फ्लॅटवर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाई सांगितलीय, म्हणून ही काळजी. पाटीनं कलम टळतं असं नाही, पण ग्राहक टळतो.

कलम 14(3) जास्त त्रासदायक आहे. ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा किंवा दर्जाचा दोष दाखवून दिला, तर 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. यावर उतारा ताब्याच्या दिवशीच करायचा असतो. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपल्या बाजूला ठेवायचा आणि कागद पुढे सरकवायचा: 'सदनिकेची पाहणी केली असून दर्जाबाबत माझी कोणतीही तक्रार नाही.' समोरच्याचं घरभाडं चालू असतं, हप्ताही चालू असतो. तो वाचत बसत नाही. पुढे पावसाळ्यात भिंतीला ओल आली, तर त्यानं टीव्हीसाठी भिंतीत मारलेला खिळा आहेच.

क्वचित एखाद्या सोसायटीतल्या निवृत्त काकू येतात. चष्मा लावून परिशिष्ट वाचतात आणि विचारतात, ''टाइल्सची रेंज चौरस फुटाला किती रुपयांची, ते इथं लिहून द्याल का?'' त्यांना चहा पाजा आणि तो फ्लॅट कालच बुक झाला म्हणून सांगा.