इफ नॉट एक्झिस्ट्सच्या भरवशावर क्लस्टर सोडू नका!

परत तेच. कॅसँड्रा डेटाबेस वापरणाऱ्या अॅपचे सहा पॉड (म्हणजे अॅपच्या सहा प्रती) एकदम वर आले, सहाच्या सहांनी उठल्या उठल्या क्रिएट टेबल इफ नॉट एक्झिस्ट्स (‘टेबल नसेल तरच बनव’) मारलं, आणि लॉगमध्ये ‘कॉलम फॅमिली आयडी मिसमॅच’ची, म्हणजे टेबलाचा आयडी जुळत नसल्याच्या एररची, रांग लागली. विचारायला जावं तर उत्तर ठरलेलं: “पण इफ नॉट एक्झिस्ट्स लिहिलं होतं की!”

अरे, लिहिलं होतं, पण ते विचारतं कुणाला? कॅसँड्रात, निदान 5.0 पर्यंत, ज्या नोडला (क्लस्टरमधल्या एका सर्व्हरला) क्वेरी लागते तो फक्त स्वतःकडचा स्कीमा (टेबलांचा आराखडा) बघतो. टेबल दिसलं नाही की त्या टेबलासाठी नवा यूयूआयडी (एकमेव ओळख-आयडी) काढून मोकळा. तेवढ्यात दुसऱ्या पॉडची क्वेरी दुसऱ्या नोडला लागते. त्याच्यापर्यंत पहिल्याची बातमी पोचलेलीच नसते, तो आपला वेगळा यूयूआयडी काढतो. पॅक्सॉस (नोडमध्ये एकमत घडवणारी पद्धत) रोसाठी आहे, डीडीएलसाठी (टेबल बनवण्या-बदलण्याच्या आज्ञांसाठी) नाही. शेवटी नंतरचा टाइमस्टॅम्प जिंकतो, आणि ज्या नोडनी आधीच्या आयडीने टेबल उघडलंय ते अडून बसतात. डेटा डिरेक्टरी उघडून बघा: एकाच टेबलाचे दोन फोल्डर, नाव तेच, शेपटीचा आयडी वेगळा, आणि रो दोन्हीकडे विखुरलेल्या.

यावर कडी म्हणजे घाईघाईत केलेला रीस्टार्ट. आधी नोडटूल ड्रेन (मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवणारी कमांड) करा ना! ड्रेन न करता नोड पाडला तर कमिटलॉगमधल्या (राइट आधी जिथे नोंदवले जातात त्या फाइलीतल्या) हरलेल्या आयडीच्या नोंदी रीप्लेच्या वेळी, म्हणजे नोड परत उठताना त्या पुन्हा वाचल्या जातात तेव्हा, अनोळखी म्हणून वगळल्या जातात. गेला डेटा. नीट करायचं तर डीडीएल पूर्ण थांबवा, सिस्टिम स्कीमाच्या टेबल्समधून जिंकलेला आयडी बघा, एकेक नोड ड्रेन करून रीस्टार्ट करा, हरलेल्या फोल्डरमधले एसएसटेबल (डेटाच्या फाइली) जिंकलेल्यात हलवा, त्या फाइली वाचायला लावायला नोडटूल रिफ्रेश, मग नोडांमधल्या प्रती जुळवायला रिपेअर. एका फालतू क्रिएट टेबलपायी एवढा उपद्व्याप!

आणि अॅपला कॅसँड्राशी जोडणाऱ्या त्या ड्रायव्हरचं काय? जावा ड्रायव्हर 4 चा रिक्वेस्ट टाइमआउट मुळात 2 सेकंद. डीडीएलला त्याहून जास्त लागले की एक्सेप्शन, आणि मायग्रेशन स्क्रिप्ट (स्कीमा बदलणारी) इमानेइतबारे तेच स्टेटमेंट पुन्हा मारते. स्कीमा अॅग्रीमेंटसाठी (सगळ्या नोडचा स्कीमा जुळण्यासाठी) ड्रायव्हर 10 सेकंद थांबतो, पण जुळलं नाही तर एरर देत नाही, नुसती वॉर्निंग. ती वॉर्निंग कोण वाचतं? कुणीही नाही.

मायग्रेशन एकाच जॉबमधून चालवा. एकच कनेक्शन, एका वेळी एकच स्टेटमेंट, प्रत्येकानंतर अॅग्रीमेंटची तपासणी, आणि नोडटूल डिस्क्राइबक्लस्टरमध्ये स्कीमाची एकच आवृत्ती दिसेपर्यंत पुढचं स्टेटमेंट नाही. अॅप्लिकेशनच्या युजरला क्रिएट-ऑल्टरची परवानगीच देऊ नका. हे इतकं अवघड आहे का?

निघालंच आहे तर बाकीचंही ऐका. प्रॉडक्शनच्या कीस्पेसला (टेबलांच्या गटाला) सिंपलस्ट्रॅटेजी, म्हणजे डेटासेंटर न बघता प्रती ठेवण्याची पद्धत, लावणं बंद करा. डेटासेंटरनुसार प्रती ठेवणारी नेटवर्कटोपोलॉजीस्ट्रॅटेजी लावताना डेटासेंटरचं नाव नोडटूल स्टेटसमधून कॉपी करा, त्यात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो. 4.0 च्या आधी चुकीचं नावही निमूट स्वीकारलं जायचं आणि राइट मारल्यावर ‘अनअव्हेलेबल’ यायचं. सिस्टिम ऑथचा (लॉगिन आणि रोल ठेवणाऱ्या कीस्पेसचा) रेप्लिकेशन फॅक्टर, म्हणजे प्रतींची संख्या, 1 वरच ठेवलात तर ज्या नोडवर तुमचा रोल आहे तो पडल्यावर लॉगिन बंद. फॅक्टर 3 केलात तर नंतर फुल रिपेअर चालवा. नुसत्या ऑल्टरने जुना डेटा नव्या रेप्लिकांवर जात नाही, जात नाही, जात नाही!

आणि पार्टिशन की (प्रायमरी कीचा तो भाग ज्यावरून रो कुठल्या नोडवर जाणार ते ठरतं) “नंतर बदलू” म्हणणारे. प्रायमरी की बदलता येत नाही. नवं टेबल करायचं, सगळा डेटा हलवायचा, तोवर दोन्हीकडे लिहीत राहायचं. मग जुनं टेबल ड्रॉप करायचं आणि डिस्क का रिकामी होत नाही म्हणून बोंबलायचं, कारण ऑटो स्नॅपशॉट (ड्रॉप करताना आपोआप ठेवली जाणारी प्रत) चालू आहे आणि ती पुसणारं क्लिअरस्नॅपशॉट कुणी मारलेलं नाही.