‘हवा सोडली असतीत तर बरं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका,

(नावाच्या जागी तुम्ही फक्त ‘एक ज्येष्ठ नागरिक, नाशिक’ एवढंच लिहिलंय, म्हणून काका म्हणतो. चालवून घ्या.)

तुमची प्रतिक्रिया रविवारी सकाळी वाचली आणि बायकोलाही वाचून दाखवली. ती म्हणाली, “उत्तर देत बसू नकोस, त्यांचं बरोबर आहे.” त्यामुळे उत्तर देणं भाग आलं. खाली दोन ओळींत मावेना, म्हणून वेगळं लिहितोय.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोथरूडमधली आमची जुनी सोसायटी, वीस फ्लॅट, इमारतीखाली बारा गाड्यांची जागा, आणि गाड्या सतरा. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना मी लेखात ‘पांढरे साहेब’ म्हटलं होतं, कारण त्यांची गाडी पांढरी. त्यांच्या हक्काच्या जागेवर एक जुनी गाडी कव्हर घालून उभी असते. ती शेवटची कधी हलली हे कुणाला आठवत नाही, चारही टायर जमिनीला टेकलेत. आणि नवी पांढरी गाडी आडवी लागते ती माझ्या गाडीच्या मागे. दोन वर्षं सोसल्यावर मी सोसायटीच्या उपविधींचा, म्हणजे नियमावलीचा, आधार घेऊन पार्किंगसाठी चिठ्ठ्या टाकण्याचा ठराव आणला आणि तो मंजूर झाला. लेख तिथे संपवला होता, जरा ऐटीतच.

त्यावर तुम्ही लिहिलंत: शेजाऱ्याने पैसे मोजून घेतलेली जागा तुम्ही कायद्याचा कीस पाडून काढून घेतलीत आणि वर फुशारकी मारता. त्यापेक्षा रात्री जाऊन टायरमधली हवा सोडली असतीत तर बरं झालं असतं, ती निदान पंपाने भरता येते. एकदा चहाला बोलावून बोलला असतात तर ही वेळच आली नसती.

पंपापासून सुरुवात करतो, कारण लेखात एक गोष्ट मी गाळली होती. हवा मी सोडली होती.

मुलीची स्कॉलरशिपची परीक्षा होती त्या रविवारची गोष्ट. मागे पांढरी भिंत उभी, साहेब फोन उचलेनात, शेवटी रिक्षा करून कसेबसे वेळेत पोचलो. त्या रात्री साडेअकराला मी चपला हातात घेऊन खाली उतरलो. पुण्यात हे काम फार सोपं आहे असं पाट्या वाचून वाटतं. ‘गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल.’ सोडण्यात येईल, बरं का. कोण सोडणार ते कुठल्याच पाटीवर नसतं. प्रत्यक्षात कुणीतरी उकिडवं बसावं लागतं, व्हॉल्व्हचं टोपण फिरवून काढावं लागतं, आणि किल्लीच्या टोकाने आतली पिन दाबून धरावी लागते. तो ‘फुस्स’ आवाज रात्री साडेअकराला किती मोठा वाटतो याची कल्पना पाटी लिहिणाऱ्याला नसावी. चाक निम्म्यावर आलं असेल नसेल, लिफ्टचं दार वाजलं आणि मी पळालो.

दोन वाजता जाग आली ती टोपणामुळे. ते माझ्या पायजम्याच्या खिशात राहिलं होतं. मग आठवलं, वहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, लिफ्टमध्ये म्हणाल्या होत्या की सकाळी लवकर कोल्हापूरला निघायचंय, नातवाला घेऊन. ट्यूबलेस टायर रात्रीच्या अंधारात निम्मा असला तरी चटकन कळत नाही. तसाच हायवेला लागला की त्याची भिंत दुमडत राहते, तापते, आणि फुटली तर वेग असताना फुटते. पुढचं मी अंथरुणात पडून पडून भरपूर बघितलं.

म्हणून पहाटे चारला पायाचा पंप घेऊन पुन्हा खाली. एवढ्या मोठ्या टायरला पायाने हवा भरणं म्हणजे काय असतं ते भरून बघा. काटा एकेका ठिपक्याने वर चढतो. शंभरच्या पुढे मी मोजणं सोडलं. तेहतीसवर काटा आला तेव्हा बनियन भिजलेला आणि समोर वॉचमन उभा. तो लातूरकडचा. म्हणाला, “साहेब, ही गाडी तुमची न्हाई की.” मी म्हटलं, “माहीत आहे.” तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

तेव्हा काका, हवा पंपाने भरता येते हे मला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. कायद्याचंही सांगतो. दुसऱ्याच्या वस्तूची जाणूनबुजून खराबी केली की तो आगळिकीचा गुन्हा. आधी भारतीय दंड संहितेत कलम ४२५ पासून पुढे होता, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ३२४ वं कलम आहे. पाटी लावली म्हणून त्यातून सूट मिळत नाही. गेटसमोर रस्त्यावर आडवी गाडी असेल तर वाहतूक पोलीस उचलून नेतात. तीच गाडी गेटच्या आत आली की ‘तुमच्या सोसायटीत मिटवा’ हे उत्तर मिळतं. आमच्या भांडणातली गाडी गेटच्या आतली.

आता चहा. मी चहाला बोलावलं नाही हे खरं, कारण त्यांनीच मला बोलावलं होतं, आणि नुसता चहा नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा वहिनींनी पोहे दिले, ओलं खोबरं घालून. साहेब म्हणाले, “अहो, दोन मिनिटांचा तर प्रश्न असतो, हाक मारत जा.” दुसऱ्यांदा गेलो तेव्हा उपमा. मी सुचवलं, किल्ली वॉचमनकडे ठेवा. “नव्या गाडीची किल्ली? वॉचमनकडे?” तिसऱ्यांदा काही खायला मिळालं नाही. माणूस वाईट नाही, मी लेखातही तसं म्हटलेलं नाही. फक्त त्यांची दोन मिनिटं आणि माझी दोन मिनिटं वेगळ्या घड्याळात चालतात.

इथे थोडं विषयांतर करतो. दुसऱ्याच्या मागे गाडी लावण्याची आपल्याकडे एक रीत होती. न्यूट्रलला ठेवायची, हँडब्रेक सोडायचा, चाकाला वीट लावायची आणि काचेखाली फोन नंबर ठेवायचा. ज्याला निघायचंय तो वीट काढून, गाडी ढकलून, आपली काढून जायचा. कुणाच्या दारात जायला नको की कुणाची झोप मोडायला नको. आमच्या सोसायटीत पंधरा वर्षं हे असंच चाललं, भांडण झालं नाही. मग ऑटोमॅटिक गाड्या आल्या. त्या ‘पी’वर टाकल्याशिवाय लोक उतरतच नाहीत, आणि ‘पी’वरची गाडी दहा माणसांनाही ढकलत नाही. पांढरी गाडी ऑटोमॅटिक आहे. मला कधी कधी वाटतं, आमचं सगळं भांडण त्या एका अक्षरावरून झालं.

असो. तुमचा खरा मुद्दा पैशांचा आहे. त्यांच्याकडे पावती आहे हे मीच लेखात लिहिलं होतं. १९९६ ची, बिल्डरच्या लेटरहेडवर, पंचवीस हजार रुपयांची. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. फ्लॅटच्या करारनाम्यात मात्र पार्किंगचं अवाक्षर नाही. पावतीवरची जागा ती कव्हरवाल्या गाडीची. माझ्या मागच्या जागेची तर पावतीही नाही.

कायद्याचा कीस मी पाडला नाही, तो आधीच पाडून झाला होता. दहिसरच्या पांचाली सोसायटीचा खटला आहे. तिथे बिल्डरच सोसायटीविरुद्ध कोर्टात गेला होता, की इमारतीखालच्या जागा माझ्या आहेत, मी विकीन. शहर दिवाणी न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, तिन्हीकडे हरला. ऑगस्ट २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की १९६३ च्या फ्लॅटमालकीच्या कायद्याखाली, ज्याला सगळे मोफा म्हणतात, खांबांमधली उघडी जागा म्हणजे गॅरेज नव्हे. ती सामाईक जागा, बिल्डरने वेगळी विकायचीच नाही. म्हणजे पांढऱ्या साहेबांनी पैसे दिले हे खरं, पण विकणाऱ्याकडे विकायला काही नव्हतं. त्यांना फसवलं ते बिल्डरने, मी नव्हे. आता तो बिल्डर कुठे आहे म्हणाल तर त्याचं ऑफिस होतं तिथे आज मिसळीचं दुकान आहे.

(नव्या इमारतीत राहणाऱ्यांनी हे वाचून तलवार उपसू नये. रेराखालच्या, म्हणजे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखालच्या, प्रकल्पांत गॅरेज किंवा आच्छादित पार्किंग पैसे घेऊन देता येतं, पण करारनाम्यात त्याचा आकार, क्रमांक, ठिकाण सगळं लिहावं लागतं. उघडं पार्किंग मात्र विकता येत नाही, महारेराने, म्हणजे त्या कायद्याच्या राज्यातल्या प्राधिकरणाने, २०२१ मध्ये हे पुन्हा बजावलंय.)

उरला ठराव. आदर्श उपविधी सांगतात ते साधं आहे: एका सभासदाला एक जागा, उरलीच तर दुसरी, तीही वर्षापुरती. आणि मागणारे जास्त, जागा कमी, तर चिठ्ठ्या. मी सप्टेंबरच्या वार्षिक सभेआधी सेक्रेटरींना लेखी पत्र दिलं, कारण असा विषय ‘ऐनवेळच्या विषयां’त घुसवला तर तो टिकत नाही. सभा दहाला. कोरम चौदाचा, हजर नऊ. म्हणून सभा अर्धा तास तहकूब. त्या अर्ध्या तासात वेफर्स संपले आणि साडेदहाला तीच नऊ माणसं, त्याच खुर्च्यांवर, आता कायदेशीर झाली. सहा विरुद्ध तीन. ही ऐट मी लेखात मिरवली, तिथे तुमचं बरोबर आहे. मी न्यायासाठी गेलो नव्हतो, खुन्नस होती. मुलीची परीक्षा होती डोक्यात. नियम नंतर शोधले.

पण नियमाने काढलेल्या उट्ट्याची एक गंमत आहे, जी हवेत नाही. हवा मी त्यांच्याच टायरची सोडली, माझ्या नाही. चिठ्ठी मात्र माझ्याही नावाची टाकावी लागली.

ती सोडत मी लेखात सांगितली नव्हती, कारण तेव्हा झालेली नव्हती. दिवाळीनंतरच्या रविवारी झाली. स्टीलच्या डब्यात सतरा चिठ्ठ्या, काढायला तिसऱ्या मजल्यावरची सात वर्षांची मुलगी. पांढऱ्या साहेबांना तीन नंबर मिळाला, लिफ्टशेजारचा, सगळ्यात चांगला. कव्हरवाली गाडी त्यांनी त्याच आठवड्यात भंगारवाल्याला दिली. ती क्रेनने ओढली तेव्हा खाली उंदरांचं आख्खं गोकुळ निघालं. मला मिळाला नऊ, खांबाजवळचा, आरसा मिटवून लावावी लागते असा.

आणि तळमजल्यावरच्या आजींना काहीच मिळालं नाही.

काका, मागच्या लेखात त्यांचं नावही नव्हतं, कारण त्या माझ्या भांडणात नव्हत्याच. त्यांच्याकडेही तसलीच पावती आहे, त्यांच्या यजमानांनी घेतलेली. त्यांची गाडी आठवड्यातून दोनदा निघते, मुलगा त्यांना फिजिओथेरपीला नेतो तेव्हा. दोन्ही गुडघे बदललेले. ठराव मांडताना मी बारा जागा आणि सतरा गाड्या मोजल्या होत्या, आजींचे गुडघे मोजले नव्हते. ‘तुमच्या नियमाखाली कोण चिरडलं गेलं ते पाहिलंत का’ असं तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंय. तुमच्या डोळ्यांसमोर पांढरे साहेब होते. उत्तर मात्र आजी आहे. यावर माझ्याकडे बचाव नाही.

त्यांच्या मुलाने काही मागितलं नाही. “चालायचंच, चिठ्ठी आहे,” एवढंच म्हणाला. हे ऐकल्यावर घरी बायको काही बोलली नाही, आणि ते न बोलणं मला तीन दिवस पुरलं. चौथ्या दिवशी मी सेक्रेटरींना पत्र दिलं की वर्षभरासाठी माझी नऊ नंबरची जागा आजींना द्यावी. पुढच्या सप्टेंबरला लिफ्टजवळच्या दोन जागा ज्येष्ठांसाठी सोडतीबाहेर ठेवायचा विषय येतोय. सूचक मी, अनुमोदक पांढरे साहेब. हे मोठेपण वगैरे समजू नका, मला शांत जेवायचं होतं.

तर सध्या माझी गाडी रस्त्यावर असते. आमच्या गल्लीत पी-१, पी-२ आहे, सम तारखेला एक बाजू, विषमला दुसरी. म्हणजे तारीख बदलली की मी खाली उतरतो आणि गाडी समोर नेतो. ३१ तारखेनंतर १ येते, दोन्ही विषम, ती रात्र सुट्टीची. या कामाची सवय मला आधीपासून होती असं वॉचमनचं मत आहे.

मागच्या आठवड्यात बेल वाजली. दारात पांढरे साहेब. पुढच्या डाव्या चाकाला बारीक पंक्चर असावं, पंक्चरवाल्याकडे जाण्यापुरती हवा भरायची आहे, म्हणाले. “वॉचमन म्हणाला, तुमच्याकडे चांगला पंप आहे.”

वॉचमन आणखी काय म्हणाला ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. मी आत जाऊन पंप आणून दिला. तो अजून त्यांच्याकडेच आहे.