‘बायकांनी लेडीज रोड बाईकच घ्यावी’: या सल्ल्यात नेमकं काय चुकतं

रोड बाईक, म्हणजे पातळ टायरची, वेगाने चालवायची सायकल घ्यायचा विचार करणाऱ्या मुलींना एक सल्ला हमखास फॉरवर्ड होऊन येतो. थोडक्यात तो असा: बायकांचे पाय लांब आणि धड आखूड असतं, म्हणून ‘विमेन्स’ लिहिलेलीच फ्रेम घ्या, साइझ उंचीच्या तक्त्यावरून ठरवा, सीट रुंद आणि मऊ घ्या, ड्रॉप हँडल (खाली वळलेलं हँडल) टाळा, पाठ धरते, आणि लाखाच्या आतली रोड बाईक घेऊच नका. हे वाचून कुणी चुकीची सायकल घेते, तर कुणी सायकल घ्यायचाच विचार सोडून देते. मला दुसऱ्या गोष्टीचं जास्त वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे.

पाय लांब, धड आखूड हे सरसकट खरं नाही. एकाच उंचीचे स्त्री-पुरुष शेजारी उभे केले तर पाय आणि धडाच्या प्रमाणात फार फरक दिसत नाही. पाच फूट दोन इंचांच्या दोन बायकांमध्ये मात्र त्याहून मोठा फरक सापडू शकतो. बायकांची सरासरी उंची कमी असते, खांदे अरुंद असतात आणि हाताचे पंजे लहान असतात, हे खरं. अमेरिकेत जॉर्जिना टेरी या इंजिनिअर बाईंनी 1985 साली बायकांसाठी सायकली बनवायला सुरुवात केली, तेव्हा बाजारात लहान उंचीच्या माणसाला नीट बसेल अशी फ्रेमच मिळत नव्हती. पुढचं चाक लहान ठेवून त्यांनी तो प्रश्न सोडवला. पुढे बऱ्याच कंपन्यांनी बायकांच्या वेगळ्या फ्रेम काढल्या. त्यानंतर स्पेशलाइज्डसारख्या कंपनीने हजारो फिटिंगची मापं तपासली आणि बायकांसाठी फ्रेमच्या वेगळ्या मापांची आणि कोनांची गरज नाही असं सांगून फ्रेम पुन्हा एक केली. जायंटचा लिव्ह हा ब्रँड मात्र आजही खास बायकांसाठीच फ्रेम बनवतो. म्हणजे लेबल खोटं नाही, पण सक्तीचंही नाही. लिव्हची सायकल अंगाला बसली तर जरूर घ्या. पण साधी एक्स-स्मॉल फ्रेम नीट बसत असताना केवळ ‘विमेन्स’ लिहिलेलं नाही म्हणून ती सोडू नका.

उंचीच्या तक्त्याने फक्त अंदाज येतो. त्यापेक्षा इनसीम, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंतची पायाची लांबी मोजा. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक जांघेपर्यंत घट्ट वर ओढायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत माप घ्यायचं. या मापाला 0.883 ने गुणलं की क्रँकच्या (पेडलचे दांडे जिथे जोडलेले असतात त्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या वरच्या भागापर्यंतची उंची साधारण कळते. इनसीम 74 सेंटिमीटर असेल तर ती 65 च्या आसपास येते. त्या उंचीवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल सगळ्यात खाली असताना पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे हलत असेल तर सीट उंच आहे. गुडघा पुढच्या बाजूने दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली आहे.

आणखी एक गोष्ट दुकानातच बघा, कारण लहान फ्रेमवर ती बऱ्याचदा आढळते: हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं का? थोडं लागत असेल तर सवयीने सांभाळता येतं, पण घेण्याआधी ते माहीत असावं.

ड्रॉप हँडलने पाठ जाते, हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण दुखण्याचं खरं कारण त्यामुळे झाकलं जातं. माझ्या एका मैत्रिणीच्या हातांना तासाभरात मुंग्या यायच्या, मान आखडायची. तिला सगळ्यांनी सरळ हँडलची हायब्रिड घ्यायला सांगितलं. सायकल स्टँडवर लावून पाहिली, तर स्टेम, म्हणजे हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा, 100 मिलिमीटरचा होता आणि ब्रेक लिव्हर गाठायला तिला बोटं पूर्ण ताणावी लागत होती. स्टेम 80 चा बसवला, तोही उलटा करून, म्हणजे हँडल थोडं वर आलं. मग लिव्हरचा छोटा स्क्रू अ‍ॅलन कीने फिरवून लिव्हर हँडलच्या जवळ आणला. बऱ्याच लिव्हरना हा स्क्रू असतो आणि बऱ्याच दुकानदारांना तो फिरवायचं सुचत नाही. तिच्या मुंग्या थांबल्या, सायकल तीच राहिली. हँडलची रुंदीही बघा. अरुंद खांद्यांना 42 सेंटिमीटरचं हँडल पसरट पडतं, 38 किंवा 40 बरं. हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढे सरकवायचा मोह मात्र टाळा. सीटची जागा गुडघ्यांसाठी ठरवायची असते, हातांसाठी नाही.

मऊ सीटबद्दल. रुंदी लागते ती बसायच्या हाडांपुरती. कोरुगेटेड पुठ्ठ्यावर जरा पुढे वाकून बसा, दोन खळगे पडतील, त्यांच्या मध्यांतलं अंतर मोजा आणि त्याहून दोनेक सेंटिमीटर रुंद सीट निवडा. बायकांमध्ये हे अंतर सरासरीने जास्त असतं, पण प्रत्येकीचं वेगळं. फार मऊ सीटमध्ये हाडं रुततात आणि सगळा दाब नाजूक भागावर येतो. बधिरपणा आणि जखमा त्यातूनच होतात. मध्ये खाच असलेली, बऱ्यापैकी टणक सीट, सपाट किंवा किंचित पुढे झुकलेली, आणि पॅडिंगची शॉर्ट्स, तीही आत काही न घालता. हे शेवटचं सांगायला लोक लाजतात, म्हणून नव्या मुली विनाकारण त्रास सोसतात.

राहिला लाखाचा मुद्दा. तो मला मान्य नाही. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, शिमानो क्लॅरिससारखा 8 स्पीडचा साधा गिअर सेट, पुढच्या दोन चकत्यांना 50 आणि 34 दात आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला 32 दात असतील तर पुण्याजवळचा बोपदेव घाटही आरामात चढता येतो; सगळ्यात हलक्या गिअरवर चाक पेडलबरोबर जवळपास एकास एक फिरतं. आपल्या रस्त्यांसाठी 28 किंवा 32 मिलिमीटर रुंदीचे टायर फ्रेममध्ये मावतात का, हे कार्बनच्या फोर्कपेक्षा (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यापेक्षा) महत्त्वाचं आहे. 200 किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईडला, साडेतेरा तास मिळतात. अंगाला बसलेली साधी सायकल त्याला पुरते. न बसलेली महागडी सायकल पहिल्या शंभरातच नकोशी होते. उरलेले पैसे सीट, शॉर्ट्स, हेल्मेट आणि लाइटवर घाला.

पैसे देण्याआधी दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: स्टेम लहान बदलून देणार का, आणि सीट चार-सहा राईडनंतर परत घेणार का. नवीन सायकल विकताना अनेक जण स्टेम बदलून देतात. ‘सवय होईल, ताई’ एवढंच उत्तर मिळालं तर दुसरं दुकान बघा.